इसब, मेडिकलवरची ट्यूब आणि आपण

डिसेंबर लागला की आमच्या पिंपळगाव बसवंतची थंडी बातम्यांत येते. निफाड तालुक्याचा पारा राज्यात सर्वांत खाली गेला, असं दर एक-दोन वर्षांनी छापून येतंच. मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. आमच्या घरी तेव्हा वेगळीच काळजी सुरू होते. मुलीच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब उसळतो. कोरडी हवा त्याला मानवत नाही.

ती चार वर्षांची असताना हे पहिल्यांदा झालं, तेव्हा आम्ही तेच केलं जे इथलं जवळजवळ प्रत्येक घर करतं. एका मेडिकलमध्ये गेलो, "पोरीला खाज येते" म्हटलं, त्यांनी ट्यूब दिली. तीन दिवसांत कातडी स्वच्छ. अम्मीने अल्लाहचे आभार मानले. ट्यूब थांबवली आणि आठवड्याभरात इसब दुप्पट जोराने परत आला. पुन्हा ट्यूब. असे सात-आठ महिने गेले. शेवटी नाशिकला त्वचेच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं आम्हाला वाचून दाखवली. जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकाच ट्यूबमध्ये. मुलीच्या कोपराच्या लवणीतली कातडी पातळ झाली होती, आतल्या शिरा दिसत होत्या. ती ट्यूब मी माझ्या हाताने लावली होती.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. इसब घरीच सांभाळायचा आजार आहे, पण मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब म्हणजे घरचा इलाज नव्हे. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम कागदावर आहे, पण मागणारे आपणच आहोत. शेजारणीला आराम पडला म्हणून तिची ट्यूब आपण आणतो. तिला नायटा असेल, आपल्याला इसब, तिसऱ्याला खरूज. तिन्ही खाजतात, पण तीन वेगळे आजार आहेत. नायटा बुरशीचा, खरूज किड्याची, दोन्ही पसरतात. इसब पसरत नाही. नुसतं स्टेरॉइड नायट्यावर लावलं तर खाज दबते आणि आत बुरशी फोफावते.

याचा अर्थ स्टेरॉइड म्हणजे विष, असाही नाही. ही दुसरी चूक आम्ही करणार होतो. डॉक्टरीण बाईंनी मुलीला स्टेरॉइडच दिलं, पण सौम्य, ठरावीक दिवसांसाठी, फक्त लाल झालेल्या जागी. मापही शिकवलं. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

बाकी सगळं काम रोजचं आणि स्वस्त. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटं. थंडीत कढत पाणी सुखाचं वाटतं, पण तेच कातडीचं तेल काढून नेतं. साबण सौम्य, बिनवासाचा. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा साधं मॉइश्चरायझर भरपूर लावायचं. इसब दिसत नसला तरी लावायचं. इसबाच्या माणसाची कातडी मुळातच पाणी धरून ठेवत नाही, बऱ्याच जणांत हे जन्मतःच असतं. नखं कापलेली, कपडे सुती, स्वेटर थेट अंगावर नाही. अत्तर कपड्याला, कातडीला नाही.

आता तेलाचं. आपल्याकडे जैतूनच्या तेलाला मान आहे आणि तो असावा. पण इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की ते अंगाला लावल्याने त्वचेचा संरक्षक थर कमकुवत होतो. जैतून ताटात ठेवा. इसबाच्या लहान मुलांवरच्या अभ्यासात खोबरेल बरं ठरलं आहे. लावायचंच तर ते लावा, तेही चरचरत नसेल तरच.

मुलगी आता दहा वर्षांची आहे, नमाज पढते. जानेवारीत दिवसातून पाच वेळा वुजू म्हणजे पाच वेळा कातडी भिजणार आणि सुकणार. आम्ही कोमट पाणी ठेवतो, वुजू झाला की ती हात टिपते आणि लगेच जेली लावते. नंतर लावल्यामुळे पाणी पोचलं की नाही हा प्रश्नच उरत नाही. एकदा भेगा इतक्या वाढल्या की पाणी लागताच ती रडायची. तेव्हा आमच्या मौलानांनीच सांगितलं, पाण्याने इजा होत असेल तर तयम्मुम आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे की हजरत जुबैर आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना अंगाला खाज येत होती म्हणून प्रेषितांनी रेशीम घालायची परवानगी दिली. पुरुषांना एरवी मना असलेलं रेशीम, केवळ खाजेसाठी. जिथे दीनने खाजेला इतकं गंभीरपणे घेतलं, तिथे आपण "खाजवू नकोस गं" म्हणून पोरीला दटावतो!

त्याहून वाईट म्हणजे लाज. वर्गात एका मुलीने हिच्या शेजारी बसायला नकार दिला, लागण होईल म्हणून. नातेवाइकांत कुजबुज झाली की पुढे लग्नाला अडचण येईल. इसबाचे डाग जातील, पण दहा वर्षांच्या मुलीने उन्हाळ्यात पूर्ण बाह्या मागून घेतल्या, ते मनातून कधी जाईल?

घरी सांभाळताना एवढं लक्षात ठेवा. जखमेतून पू किंवा पिवळी खपली, ताप, दुखणारे फोड, डोळ्याजवळ इसब, किंवा खाजेने रात्रीची झोप उडालेली, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा. आणि घरात अशी अर्धी ट्यूब पडली असेल तर ती शेजाऱ्याला देऊ नका. बरेच दिवस लावत असाल तर एकदम तोडूही नका. ती घेऊन डॉक्टरकडे जा आणि विचारा, "हे काय आहे?" आम्ही हा प्रश्न आठ महिने उशिरा विचारला.