म्यानमारच्या लष्कराला भारताचा एक स्क्रूसुद्धा नको!

"जव्हार-मोखाड्यात बसून म्यानमारचं काय घेऊन बसलास? आधी आपले रस्ते बघ, टँकर बघ." परवा चहाच्या टपरीवर एका मित्राने सुनावलं. प्रश्न चुकीचा नाही, म्हणून नीट उत्तर देतो. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

१९९२ आठवा. वावर-वांगणी. कुपोषणाने आपली शंभरावर लेकरं गेली. मंत्रालय हललं कधी? बाहेरच्यांनी, पेपरवाल्यांनी ओरड केली तेव्हा. त्यांचा वावर-वांगणीशी काय संबंध होता? काहीच नाही. तरी बोलले. आज बोलायची पाळी आपली आहे.

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. तेव्हापासून स्वतःच्याच गावांवर विमानातून बॉम्ब. ११ एप्रिल २०२३ ला सगाईंग भागातल्या पाझिगी गावात लोक एका कार्यक्रमाला जमले होते. वरून हल्ला झाला, दीडशेहून जास्त माणसं मेली, त्यात लहान मुलंही. चिन, काचिन, करेन हे तिथले डोंगरातले लोक. आपल्या पाड्यांसारखीच त्यांची वस्ती. मार्च २०२५ मध्ये मंडालेला भूकंप झाला, माणसं ढिगाऱ्याखाली होती, तरी लष्कराचे हवाई हल्ले चालूच होते. हे तेच मंडाले, जिथे टिळकांनी सहा वर्षं तुरुंगात काढली. आणि त्यांचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत कैदेत वारला. म्हणजे संबंध आजचा नाही.

आता आपला भाग. संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारविषयक विशेष प्रतिनिधी टॉम अँड्र्यूज यांचा मे २०२३ चा अहवाल सांगतो की सत्तापालटानंतर या लष्कराकडे सुमारे १०० कोटी डॉलरची शस्त्रं आणि संबंधित सामान गेलं. सगळ्यात जास्त रशिया आणि चीनमधून. पण भारतातूनही ५.१ कोटी डॉलरचं, म्हणजे ४०० कोटी रुपयांच्या वर. पुरवणाऱ्यांत भारत इलेक्ट्रॉनिक्सचं नाव आहे. ती सरकारी कंपनी, म्हणजे तुमची-माझी.

जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ठराव आला की म्यानमारमध्ये शस्त्रं जाऊ देऊ नका. ११९ देश बाजूने. भारत तटस्थ! घर जळताना तटस्थ राहणं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

"आपण नाही दिलं तर चीन देईल." अरे, शेजारच्या पाड्यात दारूची भट्टी लागते म्हणून आपणही लावायची का?

"ईशान्येची सीमा सांभाळायला त्या लष्कराशी जमवून घ्यावं लागतं." बोलणी करा, कोण नको म्हणतं? पण बोलायला शस्त्रं द्यावी लागत नाहीत. आणि त्यांच्या बॉम्बमुळे जीव वाचवून तीस हजारांवर लोक मिझोराममध्ये आले. तिथल्या साध्या माणसांनी त्यांना आसरा दिला. म्हणजे एका हाताने आगीत तेल ओतायचं आणि दुसऱ्या हाताने भाजलेल्यांना पाणी द्यायचं. याला धोरण म्हणायचं?

आपला देश असा नव्हता. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार भारताने १९४६ मध्येच तोडला. सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी सक्तीची केली १९७७ मध्ये. जग ३१ वर्षं मागे होतं, आपण पुढे. आज आपणच मागे का?

मागणी साधी आहे. एक, भारतातून म्यानमारच्या लष्कराला शस्त्रं, सुटे भाग, रडार, सगळं बंद. दोन, आंतरराष्ट्रीय शस्त्रबंदीसाठी, विमानाच्या इंधनासकट, भारताने संयुक्त राष्ट्रांत उघडपणे हात वर करावा. तीन, आपल्या पालघरच्या खासदारांनी लोकसभेत विचारावं की २०२१ पासून काय पाठवलं, कुणाला, कितीचं.

आपले दोन्ही तालुके पेसाखाली आहेत. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. दिल्लीवर तो बंधनकारक नाही, माहीत आहे. पण वहीत नोंद तरी राहील की आम्ही गप्प बसलो नव्हतो.

आणि हो, टँकरबद्दलही बोलणारच आहे. एका तोंडाने दोन्ही बोलता येतं.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर टपरीवर या, भांडू.