सासूबाईंची गोळी आणि हृदयातला रांजण

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात महालातल्या एका भगिनीचे पत्र आले. लिहितात, "सासूबाईंचे हृदय अशक्त झाले आहे. हृदयाच्या ठोक्याला कॅल्शियम लागते असे ऐकले. माझ्या गुडघ्यांसाठी आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या घरात आहेतच. रोज एक त्यांनाही दिली तर?"

ऐकले ते खरे आहे. गोळी मात्र आपल्या मनाने देऊ नका.

1883 साली लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाच्या डॉक्टरांनी बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिले. नळाचे पाणी घेतले तेव्हा हृदय छान धडधडत राहिले. शुद्ध केलेले, ऊर्ध्वपातित पाणी घेतले तर थोड्याच वेळात थंडावले! नळाच्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाच त्यातला फरक होता. दवाखान्यात 'रिंगर लॅक्टेट'ची सलाईन लावतात ना, ते नाव याच गृहस्थांचे.

पण हे कॅल्शियम हृदय वापरते कसे? आपल्याकडे उन्हाळ्यात नळ येऊन जातो, घर चालते ते भरून ठेवलेल्या रांजणावर. हृदयाच्या स्नायूच्या प्रत्येक पेशीत असाच एक इवलासा रांजण असतो. ठोक्याची वेळ झाली की बाहेरून जरासे कॅल्शियम आत येते. ते नुसती कडी वाजवते म्हणा. त्याबरोबर रांजणाचे तोंड उघडते, आतले कॅल्शियम पेशीभर पसरते आणि स्नायू आकसतो. लगेच छोटे छोटे पंप ते उपसून पुन्हा रांजणात भरतात, थोडे पेशीबाहेर जाते, स्नायू सैल पडतो आणि हृदयात नवे रक्त येते. दिवसाकाठी साधारण एक लाख वेळा हे चालते, बरं का! आपल्याला एकदा पाणी भरायचे तर कंबर धरते.

हृदय अशक्त होते तेव्हा पुष्कळदा हे पंप मंदावलेले असतात, रांजणही झिरपू लागतो. भरणा कमी, म्हणून ठोका कमजोर. आता बाहेरून गोळी दिली तर? रक्तातले कॅल्शियम ठराविक पातळीवर राखायचे काम शरीरातल्या ग्रंथी करतात. जास्तीचे बरेचसे बाहेर टाकले जाते. नळाला पाणी वाढवून झिरपता रांजण भरत नाही, तसेच हे.

हा रांजण जास्त भरणारे एक औषध मात्र आहे, आणि ते जपून वापरायचे आहे. त्याचे नाव डिगॉक्सिन. युरोपातल्या डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडापासून ते मिळते. पेशीतून कॅल्शियम बाहेर जाण्याची वाट ते जरा अडवते. साठा वाढतो, ठोका जोरकस होतो. पण साठा फारच वाढला की रांजण अवेळी हिंदकळतो आणि ठोके भलतेच पडू लागतात. गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे. म्हणून तर कित्येक डॉक्टर या गोळीला आठवड्यातून दोन दिवस सुट्टी देतात. ती सुट्टी पाळायची, आणि चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून द्यायची नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. मे महिना, नवतपा सुरू. सासूबाईंना दोन दिवस जुलाब झाले, मग अन्नावरची वासना उडाली, मळमळ सुरू झाली. आम्ही म्हटले, लू लागली. कांद्याचा रस दिला, पन्हे दिले, आणि गोळ्या मात्र न चुकता चालू! तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, ट्यूबलाईट अशी पिवळी का दिसते?" मी म्हटले, डोळे थकले असतील. डॉक्टरांनी नाडी धरली आणि पहिला प्रश्न केला, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" जुलाबांत अंगातले पाणी आणि पोटॅशियम गेले होते. पाणी घटले की मूत्रपिंडातून हे औषध नीट बाहेर पडत नाही आणि पोटॅशियम घटले की त्याचा जोर वाढतो. सूज उतरवायची, लघवीची गोळी जोडीला असली तर पोटॅशियम आणखी जाते. चार दिवस त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले.

तेव्हा घरात कुणाला ही गोळी असेल तर ओकारी, जुलाब, भूक मरणे, पिवळे दिसणे, नाडी फार मंद किंवा वेडीवाकडी लागणे, यांतले काहीही दिसले की 'ऊन लागले' म्हणून बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, आणि पुढची गोळी द्यायच्या आधी विचारा.

आणखी एक. अंगणातली बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हिच्या अंगी याच जातीचे विष असते. लहानपणी आपण बिट्ट्यांनी खेळलो, म्हणून मुलांच्या हाती सहज देतो. पडलेली फळे झाडताना वेचून टाका. मुलाने तोंडात घातल्याचा नुसता संशय आला तरी मिठाचे पाणी पाजत बसू नका. फळ बरोबर घ्या आणि तडक मोठ्या दवाखान्यात जा.

महालातल्या भगिनींनी सासूबाईंच्या सगळ्या गोळ्या एका डब्यात घालून डॉक्टरांना दाखवून याव्यात. आपली कॅल्शियमची बाटलीही त्यात ठेवावी.