‘ब्रुकसाइड’ : कामगाराच्या घराचे काय झाले?

ब्रिटनमधील एका दूरचित्रवाणी मालिकेच्या जन्ममृत्यूची कहाणी पक्षाच्या साप्ताहिकात कशासाठी, असा प्रश्न एखाद्या कार्यकर्त्याच्या मनात उभा राहिला तर तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. घरोघर संध्याकाळी चालणारे हे रडगाणे म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशीच डाव्या चळवळीची या मालिकांविषयी परंपरागत समजूत आहे. ‘सोप ऑपेरा’ हे नावच मुळी १९३०च्या दशकात अमेरिकेतील साबण कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या नभोवाणी-मालिकांवरून पडले. जिचा बाप साबण विकणारा, तिच्याकडून कामगारवर्गाने काय अपेक्षा करावी? लिव्हरपूलच्या ‘ब्रुकसाइड’ने मात्र निदान काही वर्षे या प्रश्नाला अनपेक्षित उत्तर दिले. ते उत्तर पुढे का बदलले, हे समजून घेणे प्रसारमाध्यमांविषयी नुसता संताप व्यक्त करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

२ नोव्हेंबर १९८२ रोजी ब्रिटनमध्ये ‘चॅनेल फोर’ ही नवी वाहिनी सुरू झाली आणि त्याच रात्री ‘ब्रुकसाइड’चा पहिला भाग दाखविण्यात आला. त्या वर्षाच्या प्रारंभीच ब्रिटनमधील बेकारांच्या संख्येने तीस लाखांची मर्यादा ओलांडली होती. लिव्हरपूलची अवस्था तर अधिकच बिकट होती. स्पीक येथील मोटार कारखाना १९७८ मध्ये आणि डनलॉपचा रबर कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. टेट अँड लाइलची जुनी साखरशुद्धी गिरणी १९८१ मध्ये गेली. त्याच वर्षी जुलैत टॉक्स्टेथचा भाग पेटला. श्रीमती थॅचर यांच्या मंत्रिमंडळात या शहराला ‘पद्धतशीरपणे ऱ्हासाकडे’ जाऊ द्यावे काय, असा विचार अर्थमंत्री जेफ्री हाव यांनी याच सुमारास मांडला होता. तो कागद तीस वर्षांनी, २०११ च्या अखेरीस, उजेडात आला. ज्या शहराविषयी सत्ताधारी असा विचार करीत होते, त्या शहरातील माणसे आठवड्यातून दोनदा साऱ्या देशाच्या दिवाणखान्यात येऊन बसू लागली, ही घटना लहान नव्हे.

मालिकेचे जनक फिल रेडमंड हे त्याच परिसरातले. शाळकरी मुलांच्या जीवनावरील ‘ग्रेंज हिल’ ही त्यांची मालिका १९७८ पासून बीबीसीवर गाजत होती. नव्या मालिकेसाठी त्यांनी स्टुडिओत खोट्या भिंती उभारल्या नाहीत. त्यांच्या ‘मर्सी टेलिव्हिजन’ या कंपनीने लिव्हरपूलच्या वेस्ट डर्बी भागात नव्याने बांधलेली खरीखुरी तेरा घरे विकत घेतली. त्यांतील सहा पडद्यावर दिसत. उरलेल्यांत कचेऱ्या आणि तांत्रिक विभाग होते. यात वास्तववादाचा आग्रह होता, तसा काटेकोर हिशेबही होता. कायमची जागा आपली असली म्हणजे स्टुडिओचे भाडे वाचते. १९६० पासून चाललेल्या ‘कॉरोनेशन स्ट्रीट’मध्ये साऱ्या वस्तीचे जीवन एका दारूच्या गुत्त्याभोवती फिरे. ‘ब्रुकसाइड’च्या आळीत मुद्दाम गुत्ता ठेवला नव्हता. नव्या वसाहतींमधली माणसे संध्याकाळी एकत्र जमत नाहीत, आपापल्या दाराआड हप्त्यांची चिंता करीत बसतात, हे रेडमंड यांचे निरीक्षण एखाद्या समाजशास्त्रज्ञाला शोभणारे होते.

या आळीतील दोन कुटुंबांची योजना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. बॉबी ग्रँट हा कारखान्यातला कामगार, संघटनेचा कट्टर कार्यकर्ता. नगरपालिकेच्या भाड्याच्या घरातून बाहेर पडून तो कर्ज काढून येथे स्वतःचे घर घेतो. शेजारचे पॉल कॉलिन्स हे कंपनीतले वरिष्ठ व्यवस्थापक; नोकरी गेल्यामुळे नदीपलीकडच्या विरल भागातील मोठे घर विकून त्यांना येथे यावे लागते. एकाला वाटते आपण वर चढलो, दुसऱ्याला वाटते आपण खाली घसरलो, आणि दोघांच्या घरांची भिंत सारखीच पातळ असते. मध्यमवर्ग आणि कामगारवर्ग यांच्यातील अंतर मंदीच्या काळात कसे आकुंचन पावते आणि तरीही अहंकार कसा शिल्लक राहतो, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून इतक्या स्पष्टपणे क्वचितच कळते. स्वतःच्या घराचे कर्ज डोक्यावर असलेला कामगार संपावर जाताना दोनदा विचार करतो, ही गोष्ट थॅचरबाईंना पक्की ठाऊक होती. ग्रँटच्या स्वयंपाकघरातील भांडणांतून ती लक्षावधी लोकांना दिसली. त्याचा धाकटा मुलगा डेमन सरकारी प्रशिक्षण योजनेत राबतो, मन लावून काम करतो आणि मुदत संपताच रस्त्यावर येतो. शीला ग्रँटवरील बलात्काराचे आणि त्यानंतरच्या तिच्या यातनांचे १९८६ मधील चित्रण आजही गांभीर्याचा नमुना म्हणून दाखविता येईल.

बॉबीची भूमिका रिकी टॉमलिन्सन यांनी केली, आणि येथे नाटक व जीवन यांची सीमारेषा पुसट होते. टॉमलिन्सन मूळचे गिलावा करणारे कारागीर. १९७२ च्या देशव्यापी बांधकाम कामगार संपात त्यांनी श्रुझबरीच्या परिसरात निदर्शने केली. त्याबद्दल कटाच्या आरोपाखाली खटला भरण्यात येऊन डिसेंबर १९७३ मध्ये त्यांना दोन वर्षांची कैद ठोठावण्यात आली. बॉबी ग्रँट सभेत उठून बोलू लागला की त्या बोलण्याला जे वजन येई, ते असे कमावलेले होते. जिमी मॅकगव्हर्न आणि फ्रँक कॉट्रेल बॉइस यांच्यासारख्या लिव्हरपूल परिसरातील लेखकांची उमेदवारीही याच मालिकेत झाली.

आता या साऱ्याला पैसा कोठून येत होता ते पाहू. चॅनेल फोर हे हुजूर पक्षाच्या सरकारने १९८० च्या कायद्यान्वये निर्माण केलेले अपत्य. ही वाहिनी स्वतः कार्यक्रम तयार करीत नसे, स्वतंत्र छोट्या निर्मात्यांकडून ते घेई. उद्योजकतेचा हा मंत्र थॅचरबाईंना प्रिय होता आणि त्याच मंत्राने रेडमंड यांची कंपनी उभी राहिली, हा विरोधाभास डाव्यांनी नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. वाहिनीवरील जाहिराती विकण्याचे काम आणि हक्क आयटीव्हीच्या प्रादेशिक कंपन्यांकडे होता. त्या बदल्यात त्या कंपन्यांकडून वर्गणीरूपाने येणाऱ्या रकमेतून चॅनेल फोरचा खर्च चाले. म्हणजे जाहिरातीचा पैसा होता, पण जाहिरातदार दारात उभा नव्हता. प्रारंभी ‘ब्रुकसाइड’ला प्रेक्षक फार थोडे मिळाले, शिवराळ संवादांबद्दल वर्तमानपत्रांनी तिला झोडपले, तरीही ती जगली ती या आडोशामुळे. वाहिनीचे पहिले प्रमुख जेरेमी आयझॅक्स यांनी तिला श्वास घ्यायला अवधी दिला, कारण तो अवधी त्यांना देता येत होता.

१९९० च्या प्रसारण कायद्याने हा आडोसा काढून घेतला. जानेवारी १९९३ पासून चॅनेल फोरने आपल्या जाहिराती आपणच विकावयाच्या होत्या. ‘ब्रुकसाइड’ ही वाहिनीची सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका. साहजिकच तिच्यावर कमाईचा भार पडला. जॉर्डाश कुटुंब आळीत राहावयास आले ते याच १९९३ मध्ये. पत्नीला मारहाण करणारा, मुलीवर अत्याचार करणारा ट्रेव्हर जॉर्डाश. त्याला ठार करून अंगणातील फरशीखाली पुरणाऱ्या मँडी आणि बेथ या मायलेकी. जानेवारी १९९५ मध्ये सापडलेले प्रेत आणि नंतरचा खटला. या कथानकाच्या काळात प्रेक्षकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास पोहोचली. ही निव्वळ सनसनाटी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. जाच करणाऱ्या नवऱ्याच्या खुनाबद्दल जन्मठेप झालेल्या किरणजित अहलुवालिया या भारतीय वंशाच्या स्त्रीची सुटका साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेच्या लढ्यामुळे १९९२ मध्येच झाली होती. कायदा अशा स्त्रियांना न्याय देतो काय, हा प्रश्न ब्रिटनमध्ये धगधगत होता आणि मालिकेने तो घरोघर पोहोचविला. बेथ आणि तिची मैत्रीण मार्गारेट यांच्या १९९४ मधील चुंबनाने वादळ उठले; २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात तोच क्षण साऱ्या जगाला दाखविण्यात आला. त्या सोहळ्याची संहिता लिहिणारे होते कॉट्रेल बॉइस!

पण यशातून धडा चुकीचा घेतला गेला. नव्वद लाख लोक मँडीसाठी आले होते. हिशेबनीसांनी मात्र प्रेत तेवढे मोजले. मग अज्ञात विषाणूची साथ आली, भावाबहिणीचे शरीरसंबंध आले, स्फोट झाले, आगी लागल्या, आणि अखेरच्या काळात तर आळीवर एक हेलिकॉप्टर कोसळले. जेथे पूर्वी एका माणसाची नोकरी जाणे हे वर्षभर पुरणारे कथानक होते, तेथे आता दर महिन्याला एक आपत्ती हवी होती. आपत्तींचे असे असते की त्यांची किंमत झपाट्याने उतरते. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत येथे कोणालाही पडताळून पाहता येईल. शिवाय वाटेकरी वाढले. बीबीसीची ‘ईस्टएंडर्स’ १९८५ पासून होतीच, दोन्ही मोठ्या मालिकांनी आपले भाग वाढविले, १९९७ मध्ये पाचवी वाहिनी आली, उपग्रह वाहिन्या पसरल्या.

काळच बदलला होता, बेकारी ओसरली होती, १९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला होता, तेव्हा कामगाराच्या गोष्टीत कोणाला रस उरणार, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. ज्या १९९५ मध्ये आळीत विषाणू शिरला, त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच लिव्हरपूलमध्ये सुमारे पाचशे गोदी कामगारांना, पहाऱ्यावर उभ्या असलेल्या सहकाऱ्यांची रांग ओलांडण्यास नकार दिला म्हणून, कामावरून काढून टाकण्यात आले. जानेवारी १९९८ पर्यंत ते लढले. स्टुडिओपासून काही मैलांवर घडत असलेले, नाट्याने ओथंबलेले हे कथानक ‘ब्रुकसाइड’चा कणा होऊ शकले असते. ते चॅनेल फोरवर आले, पण १९९९ मध्ये, ‘डॉकर्स’ या स्वतंत्र चित्रपटाच्या रूपाने. आणि गोदी कामगारांसह त्याचे लेखन केले ते मालिका सोडून दहा वर्षे लोटलेल्या मॅकगव्हर्न यांनी. विषय आटला नव्हता. नियमितपणे, आठवड्यामागून आठवडे, तो विषय सांगण्याची जागा तेवढी गेली होती.

या बदलाचा सारा दोष वाहिनीवर टाकून रेडमंड यांना मोकळे सोडणेही योग्य नाही. त्यांच्याच कंपनीने १९९५ मध्ये ‘हॉलिओक्स’ ही देखण्या तरुण-तरुणींची मालिका सुरू केली. जाहिरातदारांना हवा असलेला कोवळा प्रेक्षक तिने मिळवून दिला आणि थोरलीच्या मरणाची सोय धाकटीने केली. २००० मध्ये चॅनेल फोरने ‘बिग ब्रदर’ आणले. तेही एक घर. पण त्यात ना भाडे, ना हप्ता, ना नोकरी, ना शेजार. आठवड्याला एक माणूस बाहेर काढावयाचा आणि तेही प्रेक्षकांच्या मतदानाने. १९८२ मध्ये नोकरीवरून काढले जाणे ही आळीतील शोकांतिका होती. आता काढून टाकणे हाच करमणुकीचा गाभा झाला. लेखक नको, नट नकोत, खर्च कमी, उत्पन्न अफाट. अशा घराशी ग्रँट कुटुंबाच्या घराने स्पर्धा कशी करावी?

२००२ च्या अखेरीस ‘ब्रुकसाइड’ला मोक्याच्या वेळेवरून उठवून शनिवारच्या दुपारी ढकलण्यात आले. पाच लाखांच्या आसपासही प्रेक्षक टिकेनात. मग प्रेक्षक नाहीत म्हणून २००३ च्या जूनमध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली. आजारी उद्योगांच्या बाबतीत ही पद्धत कामगारांच्या चांगल्या परिचयाची आहे : आधी यंत्रांची डागडुजी थांबवावयाची, मग उत्पादन घटले म्हणून टाळे ठोकावयाचे. शेवटचा भाग रेडमंड यांनी स्वतः लिहिला आणि त्यात जिमी कॉर्कहिलच्या तोंडून मनातली जळजळ ओकून टाकली. आळी सोडून जाताना जिमी ‘क्लोज’ या पाटीवर एक अक्षर वाढवून ‘क्लोज्ड’ करतो. रेडमंड यांनी २००५ मध्ये कंपनी विकली. आळीतील घरेही विकली गेली आणि कालांतराने त्यांत खरी कुटुंबे राहावयास आली.

बॉबी ग्रँट १९८८ मध्येच आळीतून निघून गेला होता. १९९८ मध्ये रिकी टॉमलिन्सन आणि शीलाची भूमिका करणाऱ्या सू जॉन्स्टन हे पुन्हा पतिपत्नी म्हणून पडद्यावर आले, बीबीसीच्या ‘द रॉयल फॅमिली’ या विनोदी मालिकेत. हे कामगार कुटुंब सभेला जात नाही, संपावर जात नाही. ते कोचावर बसून दूरचित्रवाणी पाहत असते. मालिका फार उत्तम होती आणि लोक पोट धरून हसले.

टॉमलिन्सन स्वतः मात्र कोचावर बसून राहिले नाहीत. श्रुझबरीच्या खटल्यातील शिक्षांविरुद्ध त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी दशकानुदशके लढा दिला. त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेले डेस वॉरन २००४ मध्ये वारले. २३ मार्च २०२१ रोजी अपील न्यायालयाने चौदा जणांच्या शिक्षा रद्द केल्या. साक्षीदारांच्या मूळ जबान्या नष्ट करण्यात आल्या होत्या आणि ते बचाव पक्षाला कळविण्यात आले नव्हते, हे त्या निकालाचे कारण होते. ४७ वर्षे लागली.