रायफल, रानडुक्कर आणि राखण

नेमबाजी शिकणारा आमचा भाचा परवा म्हणाला, “मामा, इकडे मुठेच्या काठी डुकरे माजली आहेत, तिकडे मुळशीला रानडुकरे शेते उकरताहेत. मग आम्हा रायफलवाल्यांना एकदा मोकळीक का देत नाहीत?”

प्रश्न वरवर बिनतोड. पण त्यात दोन डुकरांची एकच मोट बांधलेली आहे. प्राणिशास्त्राच्या लेखी दोन्ही एकाच जातीची. कायद्याच्या लेखी नव्हेत. उकिरड्यावर चरणारे गावडुक्कर पाळीव, त्याला बहुधा कोणीतरी धनी असतो. त्याला पकडून बंदोबस्त करणे हे महापालिकेचे काम. रानडुकराला मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. हौसेखातर त्याची शिकार करणे हा गुन्हा. ते उभ्या पिकाची नासाडी करीत असेल, तर त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे अधिकारी कारणे नोंदवून मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. मारलेले जनावर सरकारजमा होते.

आणि रायफल! तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी फिरकी घेत सरळ आणि लांब जाते. लकडी पुलावरून सुटलेली गोळी म्हात्रे पुलाच्या पलीकडेही जाऊन पडू शकते. डुक्कर हुकले, तरी गोळी थांबत नाही; आणि पुढच्या वस्तीत कोण अंगणात निजले आहे, हे अंधारात दिसत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा, रायफलीचा नव्हे. त्यातले मर्म ध्यानात घ्यावे.

“मग शेतकऱ्याने नुसते बघत बसायचे?” भाच्याने विचारले.

हा मात्र लाखातला प्रश्न! रानडुकराची नजर अधू, पण नाक भारी तिखट. जमिनीत दडलेली भुईमुगाची शेंगसुद्धा त्याला बरोबर सापडते. मादी एका वेताला चार-सहा पिले देते, आणि उसाच्या फडात त्या कुटुंबाला आडोसाही मिळतो, अन्नही. कळप एका रात्रीत वावर नांगरल्यासारखे करून जातो. दिवसभर राबलेला शेतकरी रात्री माळ्यावर बसून डबा बडवतो. जखमी डुक्कर उलटले, तर सुळ्याने मांडी फाडते. शिवाय पंचनामा, अर्ज आणि भरपाई यांचे हेलपाटे आहेतच.

वाचकहो, शहरातला नेमबाज एक रात्र पराक्रम गाजवून घरी येईल. शेतकऱ्याची दुसरी रात्र तशीच जागत उभी राहील. त्याला हवे आहे ते मजबूत कुंपण, वेळेवर भरपाई, आणि मारण्याची परवानगी द्यायचीच असेल, तर ती पीक उभे आहे तोवर. काढणी झाल्यावर हाती पडलेला कागद कोणत्या डुकराला दाखवायचा?