आत्याचे तळहात

गेल्या दिवाळीत चकल्या पाडताना आत्या म्हणाली, "हाताला काय झालंय बघ रे, मखमलीसारखं लागतंय." मी लॅपटॉपमधून मान वर न करता सांगितलं, "भांड्यांचा साबण बदल." तळहात जाड झालेले, रेषा खोल गेलेल्या. मानेवर, काखेत काळेपणा. तो ती उटण्याने घासत होती. वजन उतरत होतं, त्याचं तर आम्ही कौतुकच केलं!

संक्रांतीनंतर त्वचेच्या डॉक्टरांनी हात पाहिले आणि मलम लिहून देण्याऐवजी विचारलं, "भूक कशी आहे?" मग एंडोस्कोपी. जठराचा कॅन्सर निघाला.

मान, काख अशी काळी, मखमली होण्याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. लगेच आरशात बघून घाबरू नका. आपल्या वयात तो बहुतेक वेळा वाढलेल्या वजनामुळे आणि शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्यामुळे येतो. तेव्हा साखर तपासून घ्या. (आणि 'मळ' म्हणून मुलांच्या माना घासणं थांबवा, तो मळ नसतो.) पण उतारवयात, सडपातळ माणसाला, काही महिन्यांत झपाट्याने आला, तळहातांवर किंवा तोंडाच्या आतही दिसला, तर पोटाची तपासणी हवीच. गाठीतून सुटणारी काही द्रव्यं त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतात, असं मानतात.

पापण्यांवर जांभळट लाली, बोटांच्या सांध्यांवर लालसर उंचवटे आणि जिना चढताना मांड्यांत जोर नाही, हे डर्माटोमायोसायटिस असू शकतं. मोठ्या माणसात ते निघालं की डॉक्टर कॅन्सरही शोधतात.

बेंबीतल्या गाठीची गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेत रॉचेस्टरला डॉ. विल्यम मेयो यांना ऑपरेशनमध्ये मदत करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ यांच्या लक्षात आलं, की पोटात कॅन्सर पसरलेल्या काही रुग्णांच्या बेंबीत टणक गाठ असते. १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली या सर्जननी त्या गाठीला त्यांचंच नाव दिलं. ही खूण मात्र बहुधा उशिराची.

आत्याचं ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तिने तळहात अगदी कॅमेऱ्याला चिकटवला. स्क्रीनभर नुसता गुलाबी रंग. "अगं, लांब धर!" म्हटलं. हात बराच मऊ झालाय म्हणे.