संवाद की दरबार?

सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री असताना एक बातमी वृत्तपत्रांतून वारंवार झळकत असे. धावत्या गाडीतील प्रवाशाने ट्विटरवर दोन ओळी लिहाव्यात आणि पुढच्या स्थानकावर तान्ह्या मुलासाठी दूध हजर व्हावे! परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज याही परदेशात अडकलेल्या भारतीयांच्या हाकेला अशीच ओ देत. या मदतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कचेरीच्या दारात तासन्‌तास तिष्ठणे आणि टेबलावर धूळ खात पडलेली फाईल एवढेच सरकारचे रूप ज्यांनी पाहिले, त्यांना मंत्र्याने स्वतः उत्तर द्यावे याचे अप्रूप वाटले तर नवल नाही.

परंतु त्याच गाडीच्या अनारक्षित डब्यात, शौचालयाच्या दाराशी रात्रभर उभ्याने प्रवास करणाऱ्या मजुराची तक्रार कोणती असते? सामान्य डबे इतके कमी का, ही. हा प्रश्न एका प्रवाशाच्या अडचणीचा नव्हे. रेल्वेचा पैसा कोणासाठी खर्चावयाचा, या धोरणाचा आहे. त्याचे उत्तर पुढच्या स्थानकावर मिळत नाही. जहांगीर बादशहाने आग्र्याच्या किल्ल्यावर फिर्यादींसाठी घंटांची साखळी बांधली होती. साखळी ओढणाऱ्या एखाद्याला न्याय मिळतही असेल. पण सारा किती बसवावा, हे रयतेला कोणी विचारीत नसे. समाजमाध्यमांवरील सरकारी ‘लोकसंवादा’ची परीक्षा याच कसोटीवर केली पाहिजे. नागरिक येथे निर्णयाचा भागीदार आहे, की केवळ फिर्यादी?

बोधचिन्ह लोकांचे, धोरण कोणाचे?

शासकीय खात्यांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१२ मध्ये तयार केली. २६ जुलै २०१४ रोजी ‘मायगव्ह’ हा मंच सुरू झाला. योजनांसाठी घोषवाक्ये, बोधचिन्हे, पंतप्रधानांच्या ‘मन की बात’साठी सूचना, असे आवाहन तेथून नित्य होत आले. स्वच्छ भारत अभियानाचे गांधीजींच्या चष्म्याचे बोधचिन्ह याच मंचावरील स्पर्धेतून निवडले गेले आणि ते कोल्हापूरच्या एका कलावंताचे होते. सामान्य माणसाच्या प्रतिभेला मिळालेला हा मान आनंदाचाच आहे.

पण स्वच्छतेचा खरा भार ज्यांच्या खांद्यावर आहे, त्यांच्याशी संवाद कोणत्या मंचावर झाला? २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घातली. तरी गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत उतरून गुदमरणाऱ्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. त्यांना कायम नोकरी द्यावी की कंत्राटदाराच्या स्वाधीन करावे, हा प्रश्न बोधचिन्हाच्या स्पर्धेइतक्या उत्साहाने लोकांपुढे मांडला जात नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तराने कोणाचेही हितसंबंध दुखावत नाहीत, तो जनतेला विचारणे सोपे असते.

हरकतींचे काय झाले?

खऱ्या धोरणावर लोक बोलू लागले म्हणजे काय घडते, ते २०२० मध्ये दिसले. त्या वर्षी मार्चमध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला. जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणणारा आणि काम सुरू केल्यानंतरही मंजुरी घेण्याची वाट खुली करणारा हा मसुदा होता. धरण, खाण वा कारखान्यामुळे ज्यांच्या जमिनी जाणार, त्यांच्यासाठी तो जीवनमरणाचा विषय. आणि तो उपलब्ध होता इंग्रजीत व हिंदीत. गडचिरोलीच्या आदिवासीने किंवा कोकणातल्या मच्छीमाराने तो कोणाकडून वाचून घ्यावयाचा? अखेर ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली. हरकती लाखोंनी आल्या.

याच सुमारास पर्यावरणमंत्र्यांच्या ईमेलवर हरकतींचा पूर लोटला, तेव्हा मंत्र्यांच्या तक्रारीवरून दिल्ली पोलिसांनी तरुणांच्या एका पर्यावरण चळवळीचे संकेतस्थळ बंद पाडले. नोटिशीत बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे कलम होते. बोभाटा झाल्यावर ते चुकून घातले गेले असे सांगून नोटीस मागे घेण्यात आली. सूचना मागणारे आणि सूचनांना गुन्हा समजणारे सरकार एकच होते.

कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या प्रतिक्रियांचा सारांश प्रसिद्ध करावा, असे धोरण केंद्राने फेब्रुवारी २०१४ मध्येच ठरविले होते. ते कायदा नसल्याने बंधनकारक ठरले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या विधेयकाचा मसुदा ‘मायगव्ह’वर ठेवताना, आलेली मते जाहीर केली जाणार नाहीत, असे सरकारने आधीच सांगून टाकले. मग कोणत्या कंपनीने काय मागितले, कोणत्या नागरिकाने कशाला विरोध केला आणि सरकारने कोणाचे ऐकले, हे कळावे कसे? २०२३ मध्ये झालेल्या त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम पालटले. व्यापक लोकहित दाखवून माहिती मागण्याची त्या कलमातच असलेली तरतूद गेली. संवादाच्या मंचावरूनच जाब विचारण्याचे हत्यार बोथट करण्यात आले.

शेतकरी आंदोलन ऐन भरात असताना, फेब्रुवारी २०२१ मध्ये, केंद्राने ट्विटरला अकराशेहून अधिक खाती रोखण्यास सांगितले. अशा आदेशांबाबत २००९ च्या नियमांनुसार गुप्तता पाळली जाते. ज्याचे तोंड बंद केले त्यालाही पुष्कळदा कारण कळत नाही.

खाती चालू, सभागृह बंद

मुंबई महानगरपालिकेच्या विभागांची समाजमाध्यमांवर स्वतंत्र खाती आहेत. खड्डा, कचरा, फुटलेली जलवाहिनी यांची छायाचित्रे नागरिक धाडतात आणि कित्येकदा दखल घेतली जाते. मात्र मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ या महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. २०२३-२४ चा पन्नास हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प प्रशासकाने मंजूर केला. खड्डा कोठे आहे हे सांगण्याची मुभा नागरिकाला होती. कंत्राट कोणाला आणि का दिले, हे सभागृहात विचारणारा त्याचा प्रतिनिधी नव्हता.

कार्यकर्त्यांचे काम

यावरून समाजमाध्यमेच त्याज्य ठरवणे शहाणपणाचे होणार नाही. पूर, साथ, अपघात अशा प्रसंगी त्यांच्याइतके जलद साधन नाही. प्रश्न साधनाचा नसून हक्काचा आहे. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी भरवली. रोजगाराच्या कामांची बिले गावापुढे मोठ्याने वाचली गेली आणि निरक्षर मजुरांनी त्यांतील खोटेपणा उघड केला. त्या चळवळीतून २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. महाराष्ट्रातील २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेला मुदत घातली, अपील दिले आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद केली. मंत्र्याच्या प्रसन्नतेवर यांतले काहीच अवलंबून नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. समाजमाध्यमावरील प्रत्येक तक्रारीला क्रमांक, मुदत आणि सकारण लेखी उत्तर मिळावे. उत्तर न मिळाल्यास अपील असावे. मसुदे लोकांच्या भाषेत यावेत आणि सर्व हरकती, त्यांवरील सरकारच्या निर्णयासह, प्रसिद्ध व्हाव्यात. कागदावर लिहिलेल्या आणि ग्रामसभेत तोंडी मांडलेल्या हरकतीला तितकेच वजन असावे. ज्याचे खाते रोखले, त्याला कारण कळवावे आणि त्याचे म्हणणे ऐकावे.

कार्यकर्त्यांनाही एक मोह टाळावा लागेल. निवेदनाचे छायाचित्र झळकले, शेकडो लोकांनी पसंती दर्शविली, म्हणजे काम झाले असे वाटू लागते. वस्तीतल्या ज्या बाईचे रेशनकार्ड अडले आहे, तिची व्यथा समाजमाध्यमावर जरूर मांडावी; परंतु त्याच दिवशी तिच्या सहीचा किंवा अंगठ्याचा अर्ज कचेरीत दाखल करून पोच तिच्या हातात द्यावी. मुदत टळली तर अपील करावे आणि अशा पन्नास पोचपावत्या जमल्या की ग्रामसभेत किंवा वस्तीच्या जाहीर सभेत अधिकाऱ्याला बोलावून जाब विचारावा. उद्या मंत्री बदलेल, खाते बंद पडेल. तिच्या हातातली पोच राहील.