तीन मिनिटांचं गाणं

बँकेत मोठ्या शाखेवर बदली झालेल्याला आम्ही ‘वर गेला’ म्हणायचो, आडगावी गेलेल्याला ‘टाकला’. अडतीस वर्षांच्या नोकरीत ही मोजपट्टी मी नकळत घरीही आणली. माझी मुलगी भावगीतं फार गोड गायची. मी तिला म्हणालो, ‘‘अगं, हे तीन मिनिटांचं काम. गायचं तर ख्याल गा.’’ ती काही महिने तानपुऱ्यापाशी बसली. मग तिनं गाणंच सोडलं.

माझी ही चूक मला एका डच गायिकेनं दाखवली. एली आमेलिंग. १९३३ साली रॉटरडॅमला जन्मलेल्या. त्यांची एक कॅसेट मी काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणली होती, ती कित्येक वर्षं कपाटात पडून होती. निवृत्तीनंतर ऐकली. शूबर्टनं १८२८ साली, मृत्यूच्या काही आठवडे आधी लिहिलेलं मेंढपाळाचं गाणं. साथीला एक पियानो, एक क्लॅरिनेट आणि झऱ्याच्या पाण्यासारखा तो आवाज. भाषा कळत नव्हती, पण आत काहीतरी हललं.

मग त्यांच्याविषयी मिळेल ते वाचलं. युरोपात गळ्याला पैसा आणि प्रसिद्धी मिळते ती ऑपेरात. आमेलिंगबाईंनी १९७३ साली मोझार्टच्या ‘इदोमेनेओ’त इलियाची भूमिका केलीही, पण त्या तिथे रमल्या नाहीत. त्यांनी आयुष्य दिलं मैफलीला. विशेषतः ‘लीड’ या गानप्रकाराला. लीड म्हणजे एक कविता, एक पियानो, एक आवाज. आपल्या भावगीताचं दूरचं भावंडच म्हणा ना! फ्रेंच गीतं शिकायला त्या प्येर बर्नाक यांच्याकडे गेल्या, कारण शब्दाचा उच्चार चुकला तर कविता मरते.

कुणी म्हणेल, मोठं झेपलं नाही म्हणून लहान धरलं. पण १९५८ साली जिनिव्हाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवणाऱ्या, बाखपासून माहलरपर्यंत मोठ्या वाद्यवृंदांबरोबर गाणाऱ्या बाईला काय झेपत नव्हतं? आपला आवाज कुठे खरा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं, इतकंच. ऑपेरातल्या गायिकेला पोशाख असतो, नेपथ्य असतं, कथा उलगडायला तीन तास असतात. लीड गाणारी बाई पियानोशेजारी नुसती उभी राहते आणि तीन मिनिटांत एक अख्खं माणूस उभं करते. टाळ्या थांबल्या की दुसरं. याला लहान काम कसं म्हणायचं?

मुलांना वरच्या पायरीवर ढकलताना आपण आईबाप त्यांच्या भल्याचाच विचार करतो, हे खरं. पण पायरी वरची की खालची, हे ठरवलेलं असतं आपणच. मूल गातंय ते खरं लागतंय का, एवढं आधी कान देऊन ऐकावं. मी ऐकलं नाही.

मुलगी आता चाळिशीला आली. माहेरी आली की स्वयंपाकघरात भाजी चिरताना कधी कधी जुनं भावगीत गुणगुणते. मी दारात गेलो की गप्प होते. म्हणून हल्ली मी आत जात नाही. बाहेरच्या खोलीत पेपर उघडा धरून बसतो आणि पान उलटत नाही.